पाठमोरी खुर्ची

खुर्ची घ्यायला दुकानात गेलं की आपण सगळे एकच करतो. बसतो, मागे रेलतो, दोनदा हलून बघतो आणि मग किंमत विचारतो. बसायची वस्तू, तिची परीक्षा बसूनच व्हायची. त्यात वावगं काही नाही. पण घरातली खुर्ची दिवसातला बराचसा वेळ रिकामी उभी असते. आणि कुणी बसलंच, तर बसणाऱ्याला ती दिसत नाही. ती दिसते बाकीच्यांना, तीही बहुतेकदा पाठीकडून.

ही गोष्ट पुरती उमगलेला माणूस म्हणून मला डेन्मार्कचा आर्ने याकोबसेन आवडतो. १९०२ साली कोपनहेगनमध्ये जन्मलेल्या या गृहस्थाला व्हायचं होतं चित्रकार. वडिलांनी कुठलेही वडील लावतील तोच सूर लावला: चित्रांवर पोट भरत नाही, वास्तुरचना शीक. मुलगा शिकला, नावही काढलं, पण हातातला ब्रश काही सुटला नाही. लहानपणी स्वतःच्या खोलीतला नक्षीदार वॉलपेपर त्याला बघवेना, म्हणून त्यानं तो सरळ पांढरा रंगवून टाकला, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा रचलेली, त्याला शोभते. मजा अशी की, पुढे यानंच वॉलपेपर काढले.

त्याला निमित्त फार वाईट झालं. याकोबसेन ज्यू होता. १९४३ मध्ये नाझींनी डेन्मार्कमधल्या ज्यूंची धरपकड सुरू केली, तेव्हा तो आणि त्याची बायको योना एका छोट्या होडीतून सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनला पोहोचले. दिव्यांच्या रचनांसाठी गाजलेला पोल हेनिंगसेनही त्याच होडीत होता. परक्या देशात इमारतींची कामं कोण देणार? मग तो जलरंग घेऊन झाडापाल्यासमोर बसला. रानफुलं, गवत, पानांचे थर. योना कापडावर छपाई करणारी, त्यामुळे या चित्रांचे नमुने कापडावर आणि पुढे वॉलपेपरवर उतरले आणि युद्ध संपेपर्यंत त्यावर घर चाललं. ‘चित्रांवर पोट भरत नाही’ हे वडिलांचं म्हणणं असं परस्पर खोटं ठरलं.

या नमुन्यांत पानं गर्दीनं एकमेकांवर येतात, पण प्रत्येक पानाची कड सुटी, स्वच्छ दिसते. मला वाटतं, त्याच्या खुर्च्या इथूनच निघाल्या. तो खुर्चीचीही आधी कडच बघायचा.

१९५२ ची ‘मुंगी’ घ्या. नोव्हो या औषध कंपनीच्या कँटीनसाठी त्यानं ती केली. बैठक आणि पाठ मिळून प्लायवूडचा एकच अखंड तुकडा. वाकवलेल्या प्लायच्या खुर्च्या अमेरिकेत ईम्स या डिझायनर दांपत्यानं आधीच केल्या होत्या; पण पाठ-बैठक एकसंध करणं हे अवघड काम. प्लाय एका दिशेनं मुकाट वाकतं. दोन दिशांनी एकदम वाकवायला गेलात की तडकतं, आणि तेही नेमकं बैठक संपून पाठ सुरू होते तिथं. याकोबसेननं त्या जागेचं लाकूड दोन्ही बाजूंनी काढूनच टाकलं. उरली ती बारीक कंबर. त्या कंबरेवरून आणि काडीसारख्या पायांवरून नाव पडलं मुंगी.

पाय मात्र तीनच. टेबलाखाली आधीच टेबलाचे पाय, माणसांचे पाय. त्या गर्दीत आणखी भर कशाला, हा हिशेब. हा सुताराचा हिशेब नव्हे, चित्रकाराचा. तीन पायांची वस्तू खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही हे खरं, पण खाली पडलेला चमचा उचलायला कुशीवर झुकलात की खुर्चीसकट कलंडण्याची भीती. चौथा पाय दिला असता तर काय बिघडलं असतं? बसणाऱ्याचं काहीच नाही. पण तो हटला नाही. १९७१ मध्ये तो गेला, आणि मुंगीला चौथा पाय त्यानंतरच मिळाला. १९५५ च्या ‘सात नंबर’ या खुर्चीला मात्र त्यानं स्वतःच निमूट चार पाय दिले होते. हट्टी माणसांचं असंच असतं.

मग आलं एसएएस या विमान कंपनीचं कोपनहेगनमधलं हॉटेल, १९६० साली पूर्ण झालेलं. बाहेरून सगळा काटकोनांचा कारभार. आत बसायला त्यानं केलं ‘अंडं’, तेही स्वतःच्या गॅरेजमध्ये प्लास्टरशी झटापट करून. अंड्यात बसलेला माणूस मागून दिसतच नाही. दिसतो फक्त एक गोलसर कोश. बसणाऱ्याला आडोसा आणि बघणाऱ्याला शिल्प, असा दोघांचाही फायदा. त्याच्या वेळचं सामान ठेवून जपलेली ६०६ क्रमांकाची खोली त्या हॉटेलात आजही आहे.

पाठीचं महत्त्व जगाला दाखवलं ते एका फोटोनं. १९६३ मध्ये लंडनमध्ये छायाचित्रकार लुईस मॉर्लीनं, तेव्हा एका राजकीय भानगडीमुळे गाजत असलेल्या क्रिस्टीन कीलर या मॉडेलला उलट्या खुर्चीवर बसवलं. अंगावर कपडे नाहीत, आणि लाज राखायला समोर तेवढी ती कमरेशी निमुळती होणारी पाठ. फोटो जगभर गेला आणि त्याबरोबर सात नंबरचा आकारही. पण ती खुर्ची याकोबसेनची नव्हतीच. स्वस्तातली नक्कल होती. पाठीत उचलायला एक भोक पाडलेली. नक्कल आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आणि तीवर बसायला अर्थातच मनाई आहे.