ओठ पुढे, आवाज मागे

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एका आजींची ३८ मिनिटांची मुलाखत होती. चित्र मोबाइलवर घेतलेलं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. संकलन शिकणारी मुलगी हार्ड डिस्क घेऊन नौपाड्यातल्या आमच्या एडिटिंग रूमवर आली. चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी सुरुवातीला वाजवलेली टाळी चोख जुळत होती, पण शेवटाकडे आजींचे ओठ आधी हलत आणि शब्द दीड सेकंदाने येत.

"ताई, आवाज थोडा थोडा कापून पुढे सरकवू का?"

फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा असता, तर सरकवून भागलं असतं. वाढत जाणारा फरक म्हणजे वेगाचा घोळ. अशा वेळी कापाकापी केली की प्रत्येक तुकडा नव्याने जुळवत बसावं लागतं. म्हणून आधी कारण शोधायचं.

मोबाइलचा स्वतःचा आवाज रेकॉर्डरच्या ट्रॅकखाली लावला आणि दोन्ही टाळीच्या टोकावर जुळवले. शेवटी दोन्ही आवाज एकमेकांना धरूनच होते. ते फाकले असते तर संशय रेकॉर्डरवर गेला असता. इथे चित्रच पळत होतं. मूळ फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये लावली तर बिनचूक चालली. फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये उघडल्यावर उलगडा झाला: फ्रेम रेट मोड 'व्हेरिएबल', म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (सुटी चित्रं) हे बदलतं, सरासरी २९.९८.

प्रकाश कमी झाला किंवा फोन तापला की मोबाइल फ्रेम कमी-जास्त करतो. प्लेअर प्रत्येक फ्रेमवरची वेळ पाहून ती दाखवतो. तिच्या टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, मात्र सगळ्या फ्रेम सरसकट ३० च्या वेगाने मांडल्या गेल्या होत्या. सेकंदाला ०.०२ फ्रेमची तूट, ३८ मिनिटांत सुमारे ४५ फ्रेम. दीड सेकंदाचा हिशेब तिथेच लागला.

उपाय हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ३०, खाली 'कॉन्स्टंट' (कायम एकच वेग), क्वालिटी आरएफ १६ (आकडा कमी तितका दर्जा वरचा). तिथे 'पीक' तसंच राहिलं तर फाइल पुन्हा बदलत्या फ्रेम रेटचीच निघते. बाहेर आलेली फाइल मीडियाइन्फोत तपासली आणि मगच दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ३० ची नवी टाइमलाइन केली. टाइमलाइनवर क्लिप पडल्यावर टाइमलाइनचा फ्रेम रेट बदलता येत नाही, त्यामुळे हे आधीच ठरवावं लागतं. जुन्या फाइलवरचे तिचे कट नव्या फाइलवर बसेनात. प्रत्येक कटच्या अलीकडचे-पलीकडचे शब्द कागदावर उतरवून ते पुन्हा घेतले. फाइल आधी बदलायची आणि मग कापायची, असं मी शिकणाऱ्यांना आग्रहाने सांगते ते यासाठीच.

खरं कसब त्यानंतर लागलं. कोळीवाड्याला लागूनच रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यात आली, तेव्हापासून हा आवाज तिथल्या बोलण्यातच मिसळलेला. तिने एक लांब विराम कापला आणि पाठीमागून जाणारी लोकल मधेच तुटली. चित्रातला झटका तिने डिझॉल्व्हने (एक चित्र विरत दुसरं उमटवून) झाकला होता, पण कान फसत नाही. नॉइज रिडक्शन लावलं तर गाडीबरोबर आजींच्या आवाजातली खरखरही जाते, आणि ती घालवायला माझा ठाम नकार होता.

शूटिंगच्या शेवटी कोणी न बोलता घेतलेला परिसराचा आवाज होता, त्यात एक लोकल पूर्ण जात होती. तो तुकडा वेगळ्या ट्रॅकवर कटच्या दोन्ही बाजूंना पसरेल असा ठेवला. बोलण्याच्या कटवर दोन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज उतरत दुसरा चढणं) दिला, आजींचा श्वास मात्र पुरा राहू दिला. डिझॉल्व्ह काढून तिथे जाळं विणणाऱ्या हातांचा शॉट टाकला. आजींचं वाक्य हातांवरही चालू राहतं आणि पुढच्या वाक्याच्या मध्यावर चेहरा परत येतो. आवाज आणि चित्र एकाच फ्रेमवर कापलं नाही की सांधा जाणवत नाही.

एक्स्पोर्ट झाल्यावर तिने सुरुवात पाहायला घेतली. मी तिला शेवटचं मिनिट आधी लावायला सांगितलं. 'प', 'ब', 'म' ला ओठ मिटतात, तिथे पाहायचं. आजी "म्हावरं" म्हणाल्या आणि ओठ बरोबर मिटले.