पैसा कंपनीचा, शोध कोणाचा?

ठाण्यात नौपाड्याला माझं पेटंटच्या कामाचं ऑफिस आहे. नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने मला महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीबरोबरच्या बैठकीला बोलावलं, ते फक्त फॉर्म तपासायला. एम.टेक.च्या एका प्रकल्पाला कंपनीने पैसे दिले होते. त्यातून रंगाचं सांडपाणी गाळणारं मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, तयार झालं होतं. फॉर्म 1 मध्ये, म्हणजे पेटंटच्या अर्जात, संशोधक म्हणून कंपनीचे अधिकारी आणि कॉलेजचे गाइड. ज्या विद्यार्थिनीच्या हातून मेम्ब्रेन घडलं, तिचं नाव कुठेच नाही.

मुलगी दाराजवळच्या खुर्चीवर बसून होती. मी तिची लॅबची वही मागितली. पानोपानी निळे डाग. एका पानावर लिहिलेलं, "ओव्हन बंद पडला, नमुना रात्रभर तसाच ठेवला." दुसऱ्या दिवशीची नोंद: पाणी भराभर उतरतंय, रंग मात्र वरच अडकतोय. मग तिने तेच मुद्दाम करून पाहिलेलं, कधी दमटपणा बदलून, कधी वेळ बदलून. प्रत्येक पानाखाली तारीख आणि गाइडची सही. अर्जातला मुख्य दावा नेमका हाच होता, ठरावीक दमटपणात सावकाश सुकवण्याचा.

"सर, ही कल्पना कोणाची?" मी गाइडना विचारलं.

"तिचीच," ते लगेच म्हणाले. कंपनीच्या माणसांसमोर असं बोलायला हिंमत लागते.

कंपनीचे मॅनेजर म्हणाले, "मॅडम, पैसा आमचा, केमिकल आमचं. करारात सगळे हक्क आमचेच आहेत."

करार मी वाचला होता. त्यावर सह्या कॉलेजच्या आणि कंपनीच्या. मुलीची सही नाही आणि ती कोणाची पगारी नोकरही नाही. जे तिचं आहे ते कॉलेज परस्पर कसं देणार? 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 6 प्रमाणे अर्जाचा हक्क खऱ्या आणि पहिल्या संशोधकाचा, किंवा त्याने तो ज्याला दिला त्याचा. दुसऱ्याने अर्ज केला तर हक्क मिळाल्याचा पुरावा द्यावा लागतो. अमेरिकेतही सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि रोश कंपनीच्या खटल्यात हेच सांगितलं, की संशोधनाला सरकारी पैसा लागला म्हणून शोधाची मालकी आपोआप विद्यापीठाकडे जात नाही. "हक्क नसलेल्याच्या अर्जावर मिळालेलं पेटंट कलम 64 खाली रद्द होऊ शकतं," मी म्हटलं, तेव्हा कुठे मॅनेजरनी पेन उचललं.

पण खरा संताप आला तो पुढच्या मागणीने. पेटंटसाठी मुलीने प्रबंध वर्षभर सादर करू नये, असं कंपनीचं म्हणणं. अर्जाआधी प्रबंध लोकांसमोर आला तर नावीन्य जातं, हे खरंच. पण म्हणून मुलीची पदवी अडवायची? त्यावर सरळ वाट आहे. आधी तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज टाकायचा, मग प्रबंध द्यायचा. पूर्ण तपशील 12 महिन्यांत देता येतो. शैक्षणिक संस्थांना फीमध्ये 2021 पासून 80 टक्के सवलत आहे, पण सह-अर्जदार कंपनी असल्याने या अर्जाला पूर्ण फी भरावी लागेल, हेही मी सांगितलं.

हक्क हस्तांतरणाचा कागद मुलीसमोर ठेवला तेव्हा ती हळूच म्हणाली, "मॅडम, घरी नेऊन वाचू का?"

"वाचच. कळल्याशिवाय सही करू नकोस."

तिने लायसन्सच्या उत्पन्नात वाटा लिहून घेतला आणि मगच सही केली. संशोधकांत तिचं नाव पहिलं लागलं. अर्ज दाखल झाला, तोंडी परीक्षाही ठरल्या तारखेलाच झाली. कॉलेजचा कराराचा छापील नमुना मात्र अजून जुनाच आहे. विद्यार्थ्याच्या सहीचा रकाना त्यात यावा म्हणून मी प्राचार्यांच्या मागे लागले आहे.