नकाशांच्या गुंडाळ्यांचा दिवस

आज दिवसभर एका वास्तुविशारदाच्या जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या. चाळीस वर्षं गुंडाळून राहिलेला ट्रेसिंग पेपर जोर लावून उलगडला की कडेपासून तडकतो. झाकणाच्या डब्यात तळाशी ओला टीपकागद, त्यावर जाळी, जाळीवर गुंडाळी. पाण्याचा स्पर्श अजिबात नको, फक्त दमट हवा. काही तासांत कागद सैल पडतो, मग दोन कोरड्या टीपकागदांमध्ये वजनाखाली किमान 24 तास. स्केचपेनची किंवा पाण्यात विरघळणारी शाई असेल तर मात्र हा उपाय नाही, ती पसरते.

ब्ल्यूप्रिंट (निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांची प्रत) वेगळी, अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेने उमटवलेली प्रत) वेगळी ठेवायची. अमोनिया प्रिंटमधून निघणारी रसायनं शेजारच्या कागदावर डाग पाडतात. ब्ल्यूप्रिंटला अल्कलीयुक्त 'आम्लविरहित' कागदात गुंडाळलं तर निळा रंगच उडतो. चांगल्या हेतूने केलेली ही चूक फार दिसते! ब्ल्यूप्रिंटला साधा, अल्कली न मिसळलेला कागद हवा. आणि सेलोटेप? त्याबद्दल न बोललेलंच बरं.

नोंद करताना नुसतं 'तळमजला' लिहून भागत नाही. नकाशा क्रमांक, प्रमाण, तारीख आणि रिव्हिजन (कितवी सुधारित आवृत्ती, म्हणजे आर-1, आर-2) हवंच. आर-2 आणि आर-5 मध्ये जिना हललेला असू शकतो. मापं लिहिलेलीच घ्यायची, पट्टी लावून नाही, कारण ट्रेसिंग आकसतो.

अमेरिकन वास्तुविशारद लुई कान 1974 मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारले, त्यानंतर त्यांची रेखाटनं विखुरू नयेत म्हणून पेनसिल्व्हेनिया राज्याने ती विकत घेतली. सगळ्यांच्या गुंडाळ्यांचं नशीब असं नसतं, बऱ्याच माळ्यावरच राहतात.