चिंगीला मी बाहेर का सोडत नाही

आमच्या वडगावात मांजर घरात आलं ते मागामुळे. उंदरांनी सुताच्या कांड्या कुरतडल्या की नुकसान ठरलेलं, म्हणून मागवाल्यांच्या घरी मांजर असायचंच. दूधभात खायचं आणि कौलांवरून गल्लीभर हिंडायचं. त्यामुळे सासूबाई अजून म्हणतात, "मांजराला कुठं कोंडून घालतात व्हय गं? त्याचा जीव हिंडण्यात."

जीव हिंडण्यात असतो हे खरंच. पण आता घरोघरी ब्रोमाडायोलोन या उंदीर मारायच्या विषाच्या वड्या ठेवतात. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस जगतो, मंदावतो आणि मांजराला आयता सापडतो. मग मांजराचं रक्त गोठेनासं होतं. शेजारच्या काकूंचा बोका असाच गेला. हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्ताची बारीक धार. व्हिटॅमिन के वेळेत मिळालं तर मांजर वाचू शकतं, पण दिवसभर बाहेर असलेल्यानं काय खाल्लं हे कळणार कसं?

आणि पाखरं. अमेरिकेतली मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ च्या एका अभ्यासात मांडला होता. त्यातली बहुतेक शिकार बेवारशी मांजरांची, पण पाळलेलीही त्यात आहेतच. आमच्या परसात शिंपी पक्षी पानं शिवून घरटं करतो. बुलबुलाचं पिल्लू घरट्यातून उतरलं की सुरुवातीला धड उडता येत नाही, झुडपाच्या बुडाशी बसून असतं. आमची मांजर चिंगी खिडकीतून त्याच्याकडे बघत दातांची कटकट करते, शेपटीचं टोक तेवढं हलतं. पोट भरलेलं असतं तरीही. मांजराची शिकार भुकेवर अवलंबून नसते, म्हणून "पोटभर घालून सोडा" हा सल्ला मला मान्य नाही.

मागच्या वसरीला आम्ही जाळी मारून घेतली. ऊन, वारा, पावसाची झड सगळं तिथं मिळतं. जुन्या मागाच्या खांबाला सुतळी गुंडाळली आहे, नखं त्यावर घासते.

मांजराला घरात ठेवणं जमतच नसेल, तर निदान नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. रेबीजची लस चुकवू नका. आणि जेवण रोज दिवेलागणीलाच, वाटी वाजवून घाला. सवयीनं मांजर आपणहून आत येतं. मग लावलेलं दार सकाळी पाखरांची चरायची वेळ टळल्यावरच उघडा.