लागुनाच्या खाडीत चार सकाळी: डॉल्फिन, जाळी आणि माझं अडलेलं प्रकरण

गेली तीन वर्षं मी एक अंतराळकादंबरी लिहिते आहे. बर्फाखालच्या समुद्रात राहणारे जीव, तिथे पोचलेली माणसं आणि त्या दोघांत होणारा तह, अशी ती गोष्ट. गुरूचा चंद्र युरोपा डोळ्यांसमोर ठेवून सुरुवात केली. ऑक्टोबर 2024 मध्ये युरोपा क्लिपर यान तिकडे निघालं तेव्हा मी रात्री जागून ते उड्डाण पाहिलं होतं. पण पहिल्या बोलणीचं प्रकरण काही केल्या जमेना. भाषांतराचं यंत्र आणलं की अवघड प्रश्नच बाजूला पडायचा: पाण्यातल्या त्या जीवाला आपल्याकडून हवंय तरी काय, आणि त्याने आपला भरवसा का धरावा?

परग्रहावरच्या जिवांचा शोध घेणाऱ्या मंडळींनाही डॉल्फिन पहिल्यापासून खुणावत आलाय. 1961 मध्ये अमेरिकेत ग्रीन बँकच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी, आपल्याशी संपर्क साधू शकतील अशा परग्रहांवरच्या संस्कृती किती असतील याचा अंदाज बांधणारं, आपलं प्रसिद्ध समीकरण मांडलं, त्या बैठकीला जमलेल्यांनी स्वतःला ‘ऑर्डर ऑफ द डॉल्फिन’ असं नाव दिलं होतं. त्यांच्यातले जॉन लिली डॉल्फिनशी संवाद साधू पाहत होते. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत डॉल्फिनला इंग्रजी शिकवायचाही प्रयत्न झाला. मला ते कधीच पटलं नाही. हौदात कोंडलेल्याशी वाटाघाट कसली? म्हणून जिथे डॉल्फिन आपल्या मर्जीने येतो आणि मर्जीने निघून जातो, अशी जागा शोधत मी दक्षिण ब्राझीलमधल्या लागुनाला गेले.

सांता कातारिना राज्यातलं हे किनाऱ्यावरचं गाव. इथल्या खाडीत शंभरावर वर्षं कोळी आणि डॉल्फिन मिळून मासेमारी करतात. 2016 मध्ये गावाला ‘मासेमार डॉल्फिनांची राष्ट्रीय राजधानी’ असा किताब देणारा कायदाच झाला.

आधी जाण्याचं सांगते. मुंबईहून साओ पाउलोला मध्ये एक विमान बदलून जावं लागतं, तिथून देशांतर्गत विमानाने फ्लोरियानोपोलिस. तिथल्या रीता मारिया बस स्थानकावरून लागुनाला बस मिळते. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, अडीच तास धरून चाला. व्हिसा लागतोच. पण त्याहून महत्त्वाची पिवळ्या तापाची लस. ब्राझीलहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात ठेवू शकतात. लस अधिकृत केंद्रातच घ्यायची, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. इथे वीज 220 व्होल्ट आहे, आपले चार्जर चालतात, फक्त पिन वेगळी.

राहायला मार ग्रोसो भाग बरा. तिथून खाडीच्या मुखाशी, दगडी बंधाऱ्याजवळ, प्राया दा तेझोउरा हा छोटासा किनारा आहे. मी चारही सकाळी तिथेच होते. तिकीट नाही, गाइड नाही, होडी लागत नाही. डॉल्फिन कधीकधी काठापासून दहा-पंधरा पावलांवर येतात.

पाणी गढूळ असतं. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली तर पुढचं सगळं उलगडतं. कोळ्याला मासा दिसत नाही. डॉल्फिनला आवाजाच्या प्रतिध्वनीवरून थवा कळतो, पण थवा फुटून विखुरला तरच एकेक मासा पकडणं त्याला सोपं जातं. म्हणजे एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याकडे जाळं.

कंबरभर पाण्यात माणसं एका ओळीत उभी असतात. प्रत्येकाच्या हातात ‘ताराफा’, आपलं हाताने फेकायचं पागजाळंच ते. माझे मामा आचऱ्याच्या खाडीत हेच टाकायचे. जाळं दातात धरून पेलायची ढबसुद्धा तीच, त्यामुळे पहिल्या मिनिटाला मला एकदम घरी आल्यासारखं झालं. मासा म्हणाल तर ‘ताइन्या’, आपल्या बोईच्या जातीतला.

डॉल्फिन थवा ओळीकडे रेटत आणतो. ओळ स्तब्ध असते, कोणी बोलत नाही. मग डॉल्फिन डोकं किंवा शेपटी पाण्यावर आपटतो, नाहीतर पाठ उंच काढून एकदम बुडी मारतो. त्याच क्षणी जाळी फेकली जातात. उशीर झाला की थवा गेला. उगाच आधी फेकलं तरी गेला. माझ्या पहिल्या सकाळी मला ती खूण तीनदा दिसलीच नाही, जाळी हवेत गेल्यावर कळायचं की खूण झाली. चौथ्या वेळी दिसली, आणि अंगावर काटा आला.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी इथे ड्रोन आणि पाण्याखालचे मायक्रोफोन लावून हे तपासलं. जाळं वेळेवर पडलं तर डॉल्फिनचे टकटक आवाजही वाढतात, म्हणजे तोही त्या क्षणी शिकार साधत असतो. माणसांसोबत काम करणाऱ्या डॉल्फिनांचं जगण्याचं प्रमाण इतरांपेक्षा 13 टक्क्यांनी जास्त निघालं. ते या किनाऱ्याजवळ राहतात, त्यामुळे खाडीत इतरत्र बेकायदा लावलेल्या जाळ्यांत कमी अडकतात. खाडीतले सगळेच डॉल्फिन मात्र यात नाहीत. जे माणसांसोबत येतात ते ‘बोतो बोम’, म्हणजे चांगले डॉल्फिन, आणि जे येत नाहीत ते ‘बोतो रुइम’, वाईट. कोळी त्यांना पाठीच्या पात्यावरून ओळखतात, नावं ठेवतात.

माझ्या कादंबरीतलं गाडं कुठे अडलं होतं ते तिथे वाळूवर बसून कळलं. मी दोन्ही पक्षांना एकमेकांना *समजून* घ्यायला लावत होते. इथे कोणी कोणाला समजून घेतलेलं नाही. वेळ साधली जाते, रोज, पुन्हा पुन्हा, आणि भरवसा त्यातून तयार होतो. गावात तोर्देसिल्यासच्या तहाचं स्मारक आहे. 1494 मध्ये स्पेन आणि पोर्तुगालने जग वाटून घेतलं ती रेषा लागुनाजवळून जायची. त्या तहात इथे राहणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते स्मारक पाहून लगेच किनाऱ्यावर जा, मी तसंच केलं आणि तो फरक मनात रुतून बसला.

काही गोष्टी मनापासून सांगते. मे ते जुलैमध्ये जा, तेव्हा ताइन्याचे थवे येतात. दक्षिणेचा वारा सुटला की मासा येतो असं कोळी सांगतात, आणि तो वारा हाडात शिरतो, तेव्हा जाड जाकीट न्या. निदान चार दिवस ठेवा. माझ्या दुसऱ्या सकाळी दुपारपर्यंत एकही डॉल्फिन आला नाही. पाण्यात उतरू नका, ओळीच्या अगदी मागे उभं राहू नका. शिशाच्या गोळ्यांचं जाळं मागून घुमत येतं. ड्रोन उडवू नका. पोर्तुगीज चार शब्द शिका, इंग्रजी फारसं चालत नाही. बाईमाणसाने ‘ओब्रिगादा’ म्हणायचं, पुरुषाने ‘ओब्रिगादो’. भाजलेली ताइन्या खा, गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, मिळाली तर सोडू नका. तीच गाबोळी मोठ्या बोटींना हवी असते, आणि मासा खाडीत पोचण्याआधीच समुद्रात उचलला जातो. मासा आटला तर डॉल्फिनला या ओळीकडे यायचं कारण उरणार नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

शेवटच्या सकाळी एक मादी पिल्लाला घेऊन आली. पिल्लाने ओळीसमोर येऊन शेपटी आपटली, जरा वाकडीच. एकही जाळं हललं नाही. माझ्या शेजारी पाळीची वाट बघत बसलेले आजोबा हसले, हाताने खुणावलं: थांब. पिल्लू आईपाशी गेलं. आईने एक वळसा घेतला, पाठ वर काढली आणि बुडी मारली. सहा जाळी एकदम उघडली.