न्यूयॉर्क: नवव्या मजल्याचं दार

न्यूयॉर्कचे पाच दिवस एका ओळीत उरकते. लिबर्टीच्या रांगेत उन्हात उभं राहिलो, टाइम्स स्क्वेअरला चेंगरलो, पाय सुजले, फोटो फेसबुकवर आहेत. लिहायचंय ते फक्त शुक्रवारच्या दुपारबद्दल.

मावसभाऊ जर्सी सिटीला राहतो, म्हणून मी आणि मावशी त्याच्याकडेच उतरलो होतो. मी म्हटलं मला ट्रँगल शर्टवेस्ट फॅक्टरीची, म्हणजे बायकांचे शर्टासारखे ब्लाउज शिवणाऱ्या आणि 1911 च्या आगीत जळालेल्या कारखान्याची जागा बघायचीय, तर म्हणाला, "अगं कॉलेजची बिल्डिंग आहे ती, काय बघणार तिथे?" मावशीने मात्र शर्टची फॅक्टरी एवढंच ऐकलं आणि बूट घालून दारात उभी. मावशीने मरोळला एका गाळ्यात अकरा वर्षं एक्सपोर्टच्या शर्टांना कॉलर लावल्यात, पीसवर पैसे.

पाथ ट्रेनने नाइन्थ स्ट्रीटला उतरलो. पुढे दहा मिनिटांची वाट, ती मी नकाशा उलटा धरून पाऊण तासाची केली. वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कपासून एक ब्लॉक आत, ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर दहा मजली बिल्डिंग, अगदी धडधाकट. आधी वाटलं चुकलो, कारण जळून खाक झालेल्या फॅक्टरीची बिल्डिंग अशी कशी असेल? पण हीच ती. फायरप्रूफ म्हणूनच बांधली होती, आणि खरंच तिला काही झालं नाही, जळाली ती आतली माणसं.

25 मार्च 1911, शनिवार, सुटायची वेळ. आठव्या मजल्यावर कटिंग टेबलाखालच्या चिंध्यांनी पेट घेतला. दहाव्यावर फोन गेला, मालक गच्चीवरून सुटले. नवव्याला कोणी कळवलंच नाही. अग्निशमनवाल्यांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचायच्या. फायर एस्केप, म्हणजे आगीत उतरायचा बाहेरचा लोखंडी जिना, वजनाने कोसळला. दोन लिफ्टमन जमेल तितक्या खेपा मारत राहिले, बाकीच्यांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. 146 जण गेले, त्यातल्या 123 बायका आणि मुली, बहुतेक ज्यू आणि इटालियन, सगळ्यात लहान 14 वर्षांच्या.

स्मारक 2023 चं आहे. डोक्यावर एक लांब स्टीलची पट्टी, तिच्यात नावं आरपार कापलेली, आणि खाली कमरेच्या उंचीला काळा चकचकीत पॅनल. वर बघितलं तर मान दुखते, खाली वाकलं की त्या काळ्यात आभाळाच्या रंगाची अक्षरं दिसतात. आपलं तोंडही दिसतं मधेच. बाजूने पोरं कॉफी घेऊन चाललेली, आम्ही मधेच थांबलो म्हणून एकजण वैतागला, मीही त्याच्याकडे रागाने बघितलं, पण त्याचा रोजचा कॉलेजचा रस्ता आहे, तो तरी काय करणार.

मी मावशीला सगळं सांगत होते, की नवव्या मजल्यावर बाहेर पडायला दोन दारं, त्यातलं वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूचं कुलूपबंद, कारण सगळ्यांनी ग्रीन स्ट्रीटच्याच दाराने जायचं, एकेकीने, पर्स उघडून दाखवत. कापड चोरतील म्हणून. मावशी मधेच म्हणाली, "आमच्यात पण." मी गप्प. "सातला सुटायचं आणि झडतीच्या लायनीत साडेसात. डबा पण उघडून बघायचा सुपरवायझर." मग वर बोटाने मजले मोजत विचारलं, "दार आत उघडायचं का बाहेर?"

एवढं वाचून गेले होते तरी हे मला पटकन आठवेना. आत. जिन्याचा चौक अरुंद होता म्हणून आत. मावशीने नुसती मान हलवली. "गर्दीने ढकललं की मग उघडतच नाही ते."

आणि ह्याच कारखान्यातल्या पोरी दीड वर्ष आधी संपावर होत्या! नोव्हेंबर 1909, वीसेक हजार शिवणकामगार बायका. क्लारा लेमलिच नावाची विशीतली पोरगी कूपर युनियन नावाच्या कॉलेजात भरलेल्या सभेत पुढाऱ्यांची भाषणं ऐकून कंटाळली आणि उठून यिडिश ह्या ज्यूंच्या भाषेत म्हणाली, आता बोलणं पुरे, संप करा. कित्येक कारखान्यांनी युनियनशी करार केले, ट्रँगलने युनियन मानलीच नाही. आगीनंतर मात्र सरकारी चौकशी बसली, कायदे आले. रस्त्यावर उभं राहून ती आग बघणारी फ्रान्सिस पर्किन्स पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टची कामगारमंत्री झाली, अमेरिकेतली पहिली बाई मंत्री.

मालक सुटले. दाराला कुलूप आहे हे त्यांना त्या वेळी माहीत होतं, हे कोर्टात सिद्ध झालं नाही.

भूक लागली म्हणून कोपऱ्यावर पिझ्झा घेतला, दोन स्लाइस, दोन ड्रिंक, टिप धरून जवळपास 20 डॉलर, आणि बसायला जागा नाही, उभ्यानेच खा. मी मोबाइलवर बाकीचं मावशीला वाचून दाखवत होते. 1914 मध्ये भरपाई मिळाली, एका मेलेल्या माणसामागे 75 डॉलर. मालकांना विम्याचे त्याहून कितीतरी जास्त मिळाले होते. आणि 1913 मध्ये त्यातलाच एक मालक दुसऱ्या कारखान्यात परत दाराला कुलूप लावताना सापडला, दंड 20 डॉलर.

"ह्या पिझ्झ्याएवढा?"

"हो."

मावशीने उरलेला कडेचा पाव पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकला, म्हणाली, चल, परतीच्या गाडीला गर्दी होईल.