दुप्पट वेगात

व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आले २०१३ मध्ये आणि तेव्हापासून आमच्या मैत्रीणबाईंनी टाइप करणं जवळजवळ सोडूनच दिलं. "कोण बोटं मोडत बसेल गं" म्हणायची. मग काय, पाच मिनिटं, सात मिनिटं, एकदा तर सव्वाअकरा. सुरुवात ठरलेली, "ए ऐक ना, एकच मिनिट". आणि मध्येच कुठेतरी "ते जाऊ दे, मुद्दा काय", की आपण सावरून बसायचं, पण मुद्दा काही येत नाही, त्याच्याआधी शेजारच्यांचं मांजर येतं, मग बेल वाजते, मग बेल वाजवणाऱ्याची कथा.

२०२१ मध्ये ते दीडपट आणि दुप्पट वेगाचं बटण आलं तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. तिचे सगळे मेसेज मी दुप्पट वेगात ऐकायला लागले. कळलं तेव्हा चिडली, "म्हणजे तू मला पळवतेस होय गं?" पण स्वतः काही आवरतं घेतलं नाही. उलट दर मेसेजच्या शेवटी "आता हळू ऐक" अशी सूचना यायला लागली, जी अर्थातच मी दुप्पट वेगात ऐकायचे.

ती गेल्यावर ऑफिसात रजेचा अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, मृत व्यक्तीशी नातं. मी मैत्रीण लिहिलं. अर्ज परत आला, ही रजा फक्त जवळच्या नातेवाइकांसाठी असते म्हणे. वाद घालायची ताकद नव्हती, 'बरं नाही' म्हणून सुट्टी टाकली, आणि ते खोटंही नव्हतं म्हणा. नंतर कळलं की अशा दुःखाचा अभ्यास करणारी माणसंही आहेत, केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये यावर पुस्तकच काढलं, की काही दुःखांना समाज दुःख म्हणून मोजतच नाही, आणि त्यांना त्याने नावही दिलं. नाव असल्याने फार काही फरक पडतो असं नाही, पण त्या रकान्यासमोर बसलेली मी एकटीच नव्हते एवढं कळलं. तिच्याकडेही तसंच, आलेली माणसं तिच्या बहिणीला जवळ घेत होती, जे बरोबरच होतं, आणि मी चपलांच्या ढिगापाशी उभी राहून चपला सरळ लावत होते.

साधारण चार महिन्यांनी आमच्या ग्रुपवर एक करडी ओळ दिसली, तिचं नाव आणि पुढे 'ग्रुप सोडला'. १२० दिवस कोणी वापरलं नाही की अकाउंट आपोआप डिलीट होतं म्हणे, ते असणार. पण जी बाई भांडून-भांडूनही कधी कुठला ग्रुप सोडून गेली नाही तिच्या नावापुढे ते वाचून मी भर मीटिंगमध्ये उठून बाहेर गेले. पुढे कधीतरी तिच्या नावाखाली कोणा मुलाचा मोटरसायकलवरचा फोटो दिसायला लागला, नंबर त्याला गेला असावा. त्याचा काय दोष. पण नाव अजून बदलवत नाही.

मेसेज मात्र माझ्या फोनमध्ये आहेत. खूप दिवस हात लावला नाही, मग एका रात्री शेवटच्या काही महिन्यांतले काढले. पहिला सवयीने दुप्पट वेगात सुरू झाला आणि ती नेहमीसारखी पळायला लागली, धडधडीत, हसरी. मी वेग साधा केला.

आणि मग ऐकू आलं की ती थांबत होती. चार शब्द, श्वास. परत पाच शब्द, मोठा श्वास. जिना चढून आल्यासारखा, पण ती तर बसून बोलत होती. हे सगळं मी तेव्हाही ऐकलं होतं की, प्रत्येक मेसेजला उत्तर दिलं होतं, स्माइली टाकले होते. दुप्पट वेगात माणसाचा दम लागलेला कळत नाही, उत्साह वाटतो. तिने मला कधी सांगितलं नाही म्हणून मी किती दिवस रागावले होते तिच्यावर. आता कळत नाही नक्की कोण कोणावर रागवायचं.

हल्ली एक मेसेज परत परत ऐकते, जुना, ती बरी असतानाचा. त्यात मुद्दा वगैरे काहीच नाही. ती मला काहीतरी वाचून दाखवणार असते आणि मध्येच म्हणते, "थांब हां, चष्मा कुठे ठेवला मी". मग खुर्ची सरकते, ड्रॉवर उघडतो, ती स्वतःशी पुटपुटते. मी इकडून म्हणते, डोक्यावर असेल बघ. ड्रॉवर बंद होतो. "अगं, डोक्यावरच!"

चष्मा सापडायला तिला बावीस सेकंद लागतात. पूर्वी अकरा लागायचे.